फ्लॅट विकण्याआधी छताची उंची: मोजायची कशी आणि गेलेले इंच परत मिळवायचे कसे

रिसेल फ्लॅटचा भाव कार्पेट एरियावर ठरतो. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कार्पेटच्या व्याख्येत उंचीचा उल्लेख नाही आणि रेडी रेकनरही (सरकारी दरांचा तक्ता) चौरस मीटरवरच चालतो. त्यामुळे एकाच गल्लीतल्या ६५० चौरस फुटांच्या दोन घरांत एकाचं छत ८ फूट ८ इंचांवर आणि दुसऱ्याचं ९ फूट ६ इंचांवर असलं, तरी कागदावर ती सारखीच. घर बघायला आलेल्या माणसाला मात्र फरक हॉलमध्ये पाऊल टाकताच जाणवतो. तो ‘उंची कमी आहे’ असं सहसा म्हणत नाही; ‘घर जरा कोंदट वाटतं’ म्हणतो आणि पुन्हा फिरकत नाही, नाहीतर भाव पाडून मागतो. उंचीची किंमत वसूल होते ती इथे.

नंतर पैसे देऊन वाढवता येत नाही अशी ही गोष्ट आहे, पण घरात राहणारे वर्षानुवर्षं तिचे इंच घालवत असतात. त्यातले बरेच परत मिळतात, म्हणून आधी मोजमाप.

लेझर मीटर असेल तर उत्तम, नसेल तर ५ मीटरची स्टीलची टेप आणि शिडी पुरते. प्रत्येक खोलीत चार कोपरे आणि मध्य असे पाच आकडे घ्या. टाइलच्या वरच्या पृष्ठभागापासून मोजायचं, स्कर्टिंगपासून नाही. मग बीमखाली वेगळं माप घ्या. फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या खालचा आणि वरच्या मूळ स्लॅबचा, असे दोन आकडे हवेत. स्लॅबपर्यंत पोहोचायला एक सोपी वाट आहे: एमसीबी बंद करा, एखादा डाउनलाइट स्प्रिंग दाबून खाली काढा आणि त्या भोकातून टेप वर सरकवा. त्याच भोकातून टॉर्च मारून स्लॅबही बघून घ्या. ते पुढे लागणार आहे. मध्यापेक्षा कोपऱ्यातली उंची इंचभर जास्त भरली, तर गिलाव्याचा फरक असू शकतो किंवा स्लॅब झुकलेला असू शकतो. जुन्या इमारतीत असं दिसलं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आता आकडे कशाशी ताडायचे? राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे ९ फूट आणि वर पाव इंच. महाराष्ट्राच्या विकास नियमांतही राहत्या खोलीसाठी हाच आकडा आहे. एसी खोलीला फॉल्स सीलिंग किंवा डक्टच्या खालच्या टोकापर्यंत २.४ मीटर चालतात, म्हणजे साधारण ७ फूट १०½ इंच. बीमखालीही २.४ मीटर मोकळे हवेत. बाथरूम-संडासला २.१ मीटर पुरतात, कारण वरच्या घराचा सन्क स्लॅब (बाथरूमसाठी खाली घेतलेला स्लॅब) आणि त्याचे पाइप तिथेच उतरलेले असतात. तिथल्या कमी उंचीबद्दल गिऱ्हाईक कुरकुरत नाही, त्यामुळे बाथरूमचं छत उघडण्यात पैसे घालवू नका. लक्ष हॉल आणि मोठ्या बेडरूमवर द्या.

जाहिरातीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘फ्लोअर टू फ्लोअर’ या मापाचा. बिल्डरच्या ब्रोशरमधले ३ मीटर हे एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंतचे असतात. त्यातून १२५ मिमी स्लॅब, ५० ते ६० मिमी फरशी आणि तिचं बेडिंग (खालचा मसाल्याचा थर), वर थोडा गिलावा वजा केला की हातात २.८ मीटर राहतात, म्हणजे ९ फूट २ इंच. मजला २.९ मीटरचा असेल तर तेच २.७ मीटर होतात आणि घर ९ फुटांच्या खाली येतं. मंजूर नकाशातलं सेक्शन ड्रॉइंग (इमारतीचा उभा छेद) बघितलं की हे कळतं. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांचे मंजूर आराखडे संकेतस्थळावर असतात. जुन्या इमारतीसाठी सोसायटीकडे किंवा महापालिकेत मागा.

इंच जातात कुठे

पहिला चोर फॉल्स सीलिंग. जिप्सम बोर्ड फक्त १२.५ मिमी जाड असतो, जागा खातो तो जीआय सेक्शनचा (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा) सांगाडा आणि लाइटसाठी सोडलेली पोकळी. साध्या सपाट सीलिंगला ३ ते ४ इंच जातात, कोव्ह लाइट (कडेच्या खाचेत लपवलेली लाइट) घातली की ५ ते ६, आणि कॅसेट एसी (छतात बसवलेला) असेल तर फूटभर. दुसरा चोर म्हणजे जुन्या फरशीवर चिकटवलेली नवी टाइल: अॅडेसिव्हसकट पाऊण ते दीड इंच. त्यात दरवाजे खालून कापावे लागतात, आणि बाथरूमचा उंबरा पुरेसा उरला नाही तर पाणी खोलीत येतं. पॅसेजवर टाकलेला माळा तिसरा, त्याखाली २.२ मीटर मोकळे राहायला हवेत, पण कित्येक घरांत जेमतेम साडेसहा फूट उरतात. मुख्य दारातून आत येताच असा माळा डोक्यावर आला तर हॉल कितीही उंच असो, पहिली छाप बिघडते.

या सगळ्याचा परिणाम पंख्यावर दिसतो, आणि गिऱ्हाइकाची नजर तिथे जातेच. हिशेब करून बघा. ९ फूट म्हणजे १०८ इंच. ६ इंच फॉल्स सीलिंग गेलं, उरले १०२. नेहमीच्या रॉडवर पंख्याची पाती छतापासून साधारण १४ इंच खाली येतात, म्हणजे जमिनीपासून ८८ इंच, ७ फूट ४ इंच. ठीक आहे. पण स्लॅबच ८ फूट ६ इंचांवर असेल तर पाती ८२ इंचांवर, ६ फूट १० इंचांवर येतात. अंगातून शर्ट काढताना हात लागेल इतकी खाली. यावर उपाय म्हणून रॉड अगदी आखूड करतात, मग पंख्याला वरून हवा ओढायला जागा उरत नाही आणि वारा लागत नाही. पाती जमिनीपासून ७ फुटांच्या वर आणि छतापासून फूटभर खाली, या दोन्ही अटी एकदम पाळता येत नसतील तर फॉल्स सीलिंग काढणं हाच उपाय.

परत कसे मिळवायचे

पूर्ण सीलिंग पाडण्याआधी वरची स्थिती माहीत हवी. डाउनलाइटच्या भोकातून बघताना चार गोष्टी तपासा: स्लॅबला गिलावा आहे की नुसतं काँक्रीट आहे, वायरिंग स्लॅबमधल्या कन्ड्यूटमधून (वायरच्या पक्क्या नळीतून) गेलंय की लवचीक पाइपात लोंबतंय, एसीचा ड्रेन पाइप वरून नेलाय का, आणि ओल किंवा गंज दिसतो का. वायरिंग लोंबत असेल तर सीलिंग काढल्यावर ते भिंतीत झिरी पाडून घ्यावं लागेल. खर्च तिथे वाढतो. वायर दाबायला स्लॅब किंवा बीम कोरू देऊ नका, कितीही बारीक झिरी असली तरी. बीम कापून उंची वाढवून देतो म्हणणाऱ्या कारागिराला घरात घेऊ नका.

बहुतेक घरांत मधला मार्ग चांगला बसतो. खोलीच्या कडेने दीड-दोन फूट रुंद आणि ४ इंच खोल पट्टा ठेवायचा, मधला भाग स्लॅबपर्यंत उघडा करायचा. लाइट पट्ट्यात राहतात, पंखा मूळ हुकावर जातो, आणि नजर वर जाते तिथे पूर्ण उंची मिळते. पंखा नेहमी स्लॅबच्या हुकालाच टांगा, जीआय सेक्शनला कधीच नाही. उघडा केलेला स्लॅब खडबडीत असतो, अँकरची भोकं असतात. ती भरून पुट्टीचे दोन हात, प्रायमर आणि मॅट पांढरा रंग द्या. चकचकीत रंगात प्रत्येक उंचवटा दिसतो. गिलावा ठोकून पोकळ आवाज आला किंवा गंजाचे तपकिरी डाग दिसले, तर त्यावर पुट्टी ओढू नका. पोकळ भाग काढून सळ्या साफ करा आणि पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती करून घ्या. वरच्या बाथरूमची गळती असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात डाग परत येतो.

शेवटच्या मजल्यावर निर्णय वेगळा असू शकतो. पुण्या-नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत वरचा स्लॅब तापतो, आणि फॉल्स सीलिंगमागची पोकळी ती धग थोडी अडवते. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) आणि पांढरा थर चांगल्या स्थितीत नसेल तर आधी ते काम सोसायटीकडून करून घ्या, मग आतलं सीलिंग काढायचा विचार करा.

जुन्या इमारतींत फरशीखालीही इंच असतात. जुन्या मोझेकखाली बेडिंगचा जाड थर असतो. जुनं सगळं उचलून पातळ बेडिंगवर नवी टाइल बसवली तर इंच-दीड इंच मिळतो आणि स्लॅबवरचं वजनही घटतं. मात्र तोडफोडीला सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि ब्रेकर लावू देऊ नका. छिन्नी-हातोड्याने काम करा.

बांधकाम न करता होणारी कामं स्वस्त आहेत आणि विक्रीपुरती बरीच उपयोगी. खोल पेलमेट (पडद्याच्या वरची लाकडी पेटी) काढून पडद्याची दांडी छतापासून ३-४ इंचांवर लावा आणि पडदे जमिनीपर्यंत सोडा. भिंतीच्या वरच्या बाजूचा गडद पट्टा असेल तर रंगवून टाका. कपाट ७ फुटांचं आणि त्यावर २ फुटांचा लॉफ्ट असा ९ फुटांचा मेळ असतो; लॉफ्टची दारं भिंतीच्याच रंगात घेतली की वरचा भार कमी दिसतो. लॉफ्टवरच्या उघड्या बॅगा आणि खोके घर दाखवण्याआधी उतरवा.

भावाच्या बोलणीत अपेक्षा बेताची ठेवा. आमचं मत असं की ९ फुटांच्या आत असलेलं घर ९ वर आणलं तर फायदा स्पष्ट दिसतो. साडेनवाच्या वर प्रत्येक इंचाचा वेगळा भाव मिळत नाही. दादर हिंदू कॉलनीसारख्या जुन्या भागात १० फुटांच्या वर छत असेल तर ते ठळकपणे सांगा, नव्या टॉवरमध्ये ते सहज मिळत नाही. पण त्याच उंचीत कुणी पोटमाळा बांधला असेल आणि तो मंजूर नकाशात नसेल, तर त्याचं क्षेत्रफळ भावात धरू नका. बँकेचा व्हॅल्युअर नकाशा बघतो आणि गिऱ्हाइकाचं कर्ज तिथेच अडतं. खरेदीदार एसीबद्दल विचारेल तेव्हा हेही सांगा की १२ बाय १० च्या खोलीत ९ ऐवजी १० फूट उंची म्हणजे १०८० ऐवजी १२०० घनफूट हवा. दीड टनाच्या उंबरठ्यावरची खोली त्यामुळे पुढच्या क्षमतेत जाऊ शकते.

जाहिरातीत ‘उंच छत’ असं मोघम लिहू नका. ‘हॉल: स्लॅबखाली ९ फूट ३ इंच, बीमखाली ८ फूट १ इंच, मधल्या भागात फॉल्स सीलिंग नाही’ असं लिहा. फोटो छातीच्या उंचीवरून, कॅमेरा सरळ धरून काढा आणि त्यात छताचा थोडा भाग येऊ द्या. घर दाखवताना लेझर मीटर टेबलावर ठेवा, म्हणजे ज्याला शंका असेल तो स्वतः मोजून घेईल.