अटक झाली म्हणून कामावरून काढले: माझा अनुभव

२०२२ मध्ये बांधावरून भावकीत झालेल्या भांडणात माझ्या धाकट्या भावाला अटक झाली आणि जामिनावर सुटून तो वाळूजच्या कारखान्यात परतला, तेव्हा गेटवरच त्याच्या हातात एका ओळीचे पत्र ठेवण्यात आले: ‘गुन्हा दाखल झाल्याने आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.’ कंपनीकडून आरोपपत्र नाही, खातेनिहाय चौकशी नाही. व्यवस्थापकांकडे केलेल्या तोंडी विनंत्या आणि दिलेले अर्ज वाया गेले. ते हेलपाटे जिव्हारी लागले.

उपयोग झाला तो असा. आधी ते पत्र, पगाराच्या पावत्या, जामीन आदेशाची प्रमाणित प्रत आणि कारखान्याचे स्थायी आदेश (कामगारांच्या सेवाशर्तींची नियमावली) एकत्र केले. मग ‘मी कामावर हजर होण्यास तयार आहे’ असे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवून पोचपावती जपली, कारण पुढे ‘तो स्वतःहून गैरहजर राहिला’ असे म्हणायला कंपनीला वाव राहत नाही. त्यानंतर वकिलांमार्फत, अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली, कामगार न्यायालयात तक्रार दाखल केली. ही तक्रार, अनुचित प्रथा घडल्यापासून ९० दिवसांच्या आत करावी लागते, आणि तिच्यासोबत अंतरिम (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्जही द्यावा. मुद्दा एकच मांडला: अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, आणि चौकशीत बाजू मांडू न देता बडतर्फी करता येत नाही. चौकशी होईपर्यंत निलंबन करता येते, पण तेव्हा पहिले ९० दिवस निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता द्यावाच लागतो.

नोटीस गेल्यावर कंपनीने तडजोड केली आणि सेवेत खंड न धरता त्याला कामावर घेतले. फौजदारी खटला मात्र अजून सुरू आहे.