गाडी कोणाच्या मोबाइलला जोडलेली आहे?

इंदूरच्या अनेक मराठी घरांत गाडी आई-वडील चालवतात आणि खरेदीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक मात्र पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो. कनेक्टेड गाडीच्या, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरून दुरून आदेश घेणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा तपशील किरकोळ नाही. ह्युंदाईची ब्लूलिंक, कियाची किया कनेक्ट किंवा एमजीची आय-स्मार्ट, या सेवेचे नाव कोणतेही असले तरी गाडीतले सिम कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असते. अ‍ॅपवरून दिलेला आदेश आधी त्या सर्व्हरकडे जातो आणि तेथे मुख्य वापरकर्ता म्हणून ज्याची नोंद असेल, त्याच्याच हाती सर्व अधिकार राहतात. म्हणून ताबा घेतानाच रोज गाडी चालवणाऱ्याच्या फोनवर अ‍ॅप घ्यावे, ओटीपी त्याच क्रमांकावर मागवावा आणि घरातील इतरांना नंतर सहवापरकर्ते म्हणून जोडावे.

जुनी गाडी घेणाऱ्याने तर याबाबत विशेष दक्ष राहावे. मी जुनी गाडी घेतली तेव्हा आरसी माझ्या नावावर झाली, विम्याचे काम झाले, आणि त्यानंतर काही दिवसांनी आधीच्या मालकांनीच फोन करून कळवले की गाडी कोठे उभी आहे हे त्यांना अजून दिसते आहे. ते सज्जन होते. पण दरवाजे उघडण्याचा आदेशही त्यांना देता आला असता. व्यवहाराच्या दिवशीच, समोर बसून, विकणाऱ्याला त्याच्या खात्यातून गाडी काढायला सांगावे. तो भेटत नसेल तर आरसी आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मालकबदलाची नोंद करून घ्यावी. मधल्या स्क्रीनचे फॅक्टरी रीसेटही करावे, कारण जोडलेले फोन, संपर्क आणि घराचा पत्ता तेथे राहून जातो. स्वतः गाडी विकतानाही हेच करावे.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की दुरून एसी सुरू करण्याची सोय फार मोलाची वाटते. मॅन्युअल गिअरच्या अनेक गाड्यांत ती नसते, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. पेट्रोल किंवा डिझेल गाडीचे इंजिन बंद गॅरेजमध्ये असे कधीही सुरू करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

विजयनगरमधील एखाद्या मॉलच्या तळघरात सिमला नेटवर्क मिळाले नाही, तर आदेश पोहोचत नाही आणि अ‍ॅप गाडीचे जुनेच ठिकाण दाखवते. म्हणून नकाशाबरोबर माहितीची वेळही पाहावी. दिवाळीला गाडी घरी ठेवून पुण्याला गेल्यास १२ व्होल्टची बॅटरी वाचवण्यासाठी यंत्रणा निद्रावस्थेत जाऊ शकते, तेव्हा उत्तर न मिळाल्याने लगेच चोरीची शंका घेऊ नये.

गाडीतले एसओएसचे, म्हणजे संकटात मदत मागण्याचे बटण आई-वडिलांना बोट ठेवून दाखवावे आणि ओंकारेश्वरच्या वाटेवरील घाटरस्त्यासारख्या ठिकाणी ते चालले नाही तर म्हणून ११२ हा आपत्कालीन क्रमांकही त्यांना पाठ असू द्यावा. सेवेची मोफत मुदत संपल्यावर हे बटणही निकामी होऊ शकते, म्हणून अ‍ॅपमधील अंतिम तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. दुरून कुलूप लावण्याची पहिली चाचणी मात्र मोकळ्या मैदानात, किल्ली खिशात असतानाच घ्यावी.