फिरत्या आरोग्य पथकात सातपुड्यात काम करायचं तर

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा किंवा जळगावच्या चोपडा, यावल भागात फिरत्या पथकात रुजू होताना औषधांच्या यादीआधी तीन कागद मागून घ्या: आठवडी बाजारांचे वार, पाड्यांची यादी, आणि मागच्या वर्षभराचं भेटींचं वेळापत्रक. तिसरा कागद बहुतेक ठिकाणी मिळत नाही. मग आशाताई आणि अंगणवाडी सेविकेबरोबर तासभर बसून तो स्वतः करा. इथे लोक कधी कुठे असतात हे कळलं नाही, तर पथकाची गाडी रिकाम्या घरांसमोर उभी राहते.

वर्ष असं चालतं. जून ते सप्टेंबर घाटाचा भरवसा नाही. तळोद्याहून धडगावला जाणाऱ्या चांदसैली घाटात दरड कोसळते, अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा देवगोई घाटही अधूनमधून बंद पडतो. म्हणून मे संपायच्या आत ओआरएस, झिंक, मलेरियाच्या तपासणीचं साहित्य आणि बाळंतपणाची औषधं उपकेंद्रात किमान महिनाभर पुरतील इतकी पोचवून ठेवा. पावसात चांदसैलीवर अडून बसण्यापेक्षा शहाद्याकडून फिरून जाणं बरं. वेळ जास्त लागतो, पण पोचता येतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातकडे आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. त्याआधीचा पंधरवडा तुमच्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा काळ. गरोदर बाई, लसीकरण अर्धवट राहिलेलं बाळ, सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि क्षयाचा रुग्ण, प्रत्येकाच्या कार्डाचा फोटो काढा, मुकादमाचा मोबाइल नंबर लिहून घ्या, कारखान्याचा तालुका विचारा आणि नियमित औषध चालू असेल तर दोन-तीन महिन्यांचं देण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवा. नुसतं ‘स्थलांतरित’ लिहून रजिस्टर बंद केलं की मार्चमध्ये त्याच बाळाचं लसीकरण पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. माणसं होळीला परततात, काही आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) येत राहतात. होळीच्या आठवड्यात, विशेषतः काठीच्या राजवाडी होळीच्या आसपास, शिबिर लावू नका, कोणी येणार नाही. त्याआधीचे भोंगऱ्या बाजार मात्र सोडू नका. तिथे रक्त काढायचं नाही, गोळ्याही वाटायच्या नाहीत. माणसं भेटतात, कोण परतलं ते कळतं आणि पुढच्या भेटीचा दिवस सांगता येतो.

गाव म्हणजे एक वस्ती, हे सपाटीवरचं गणित इथे लागू नाही. एका महसुली गावाचे सात-आठ पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर असतात. मुख्य रस्त्यावरच्या पाड्यात तपासणी ठेवली की लांबचे लोक येत नाहीत, आणि आजारी तर तेच जास्त असतात. पाडे आळीपाळीने घ्या आणि जो वार सांगितला तो पाळा. जाता येणार नसेल तर आदल्या दिवशी पोलीस पाटलाला निरोप द्या. दोनदा फुकट वाट पाहिली की तिसऱ्यांदा माणूस बडव्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे जातो. बडव्या-भगताशी भांडू नका. ‘तुमचं झालं की माझ्याकडे पाठवा, आणि झटका आला किंवा श्वास लागला तर आधी माझ्याकडे’ एवढं ठरवून घेतलं तरी पुष्कळ.

भाषेसाठी वही करा. शिरपूर, साक्री, अमळनेरच्या पट्ट्यात अहिराणी कानावर पडते: ‘पोटमा दुखस’ हे पहिल्याच दिवशी समजायला हवं. डोंगरात पावरी, भिली, नवापूरकडे मावची. आशाताईकडून वीस-पंचवीस वाक्यं लिहून घ्या: कधीपासून, ताप किती दिवस, लघवी झाली का, पाळी कधी आली होती, बाळ पितं का, औषध कसं घ्यायचं. शेवटचं वाक्य रुग्णाकडून उलट म्हणवून घ्या. मान हलली म्हणजे समजलं असं नाही. दुभाष्या म्हणून नवऱ्याला किंवा सासूला बसवलं की पाळी आणि गर्भपाताबद्दलची उत्तरं खरी येत नाहीत.

आता लसी. खान्देशात उन्हाची सगळ्यांना भीती, पण लस खराब होते ती कित्येकदा बर्फाने. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची), टीडी (धनुर्वात-घटसर्प), हिपॅटायटिस बी, आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन), पीसीव्ही (न्यूमोकोकल) या लसी गोठल्या की निकामी, आणि बाटलीकडे पाहून ते सहसा कळत नाही. आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट कॅरिअरमध्ये (लसी न्यायच्या थंड पेटीत) भरू नका. ओट्यावर मांडून ठेवा. बाहेरून पाणी सुटलं आणि हलवल्यावर आत खुळखुळ ऐकू आली की ते तयार. मेमध्ये शहाद्यात हे पटकन होतं, डिसेंबरच्या पहाटे तोरणमाळला बराच वेळ लागतो, म्हणून निघण्याची वेळ त्यावरून ठरवा. कॅरिअरच्या चार भिंतींना चार पॅक, मधे पिशवीत लसी, वर फोम, मग झाकण. तापमान २ ते ८ अंश. डायल्युएंटही (लस विरघळवायचा द्रव) लसीइतकंच थंड हवं, त्यामुळे ते आदल्या दिवसापासून आयएलआरमध्ये (लसींच्या फ्रीजमध्ये) ठेवा.

बीसीजी (क्षयाची लस) आणि एमआर (गोवर-रुबेला) विरघळवल्याची वेळ बाटलीवर लिहा. चार तासांनी किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, उरलेली लस वापरातून काढा. या लसींत जंतुरोधक नसतं. बाटलीत जंतू वाढले तर बाळ दगावू शकतं. पेंटा, टीडी, ओपीव्हीच्या (पोलिओचे थेंब) उघड्या बाटल्या २८ दिवस चालतात, पण व्हीव्हीएम (बाटलीवरची, उष्णतेने रंग बदलणारी खूण) ठीक हवं, थंडावा अखंड हवा आणि उघडल्याची तारीख लिहिलेली हवी. गाडीत कॅरिअर मागच्या काचेखाली नको, सीटखाली सावलीत ठेवा. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवा आणि तीव्र ॲलर्जी आली तर द्यायला ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवा: १ मिलीमध्ये १ मिलीग्रॅमवालं, वजनाच्या दर किलोला ०.०१ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. पेटीतल्या ॲम्प्यूलची मुदत महिन्याला पाहा. पेटी कधी उघडावीच लागली नाही, की नेमकी तीच मुदतबाह्य निघते.

लसींव्यतिरिक्तचं सामानही उन्हाने बिघडतं. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच हवं, उन्हात राहिलेलं दिलं तर बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबत नाही आणि दोष बाईच्या नशिबाला लागतो. ग्लुकोमीटर साधारण ४० अंशांवर ‘एरर’ दाखवतो, त्याला सावलीत दहा मिनिटं विसावू द्या. स्ट्रिपची डबी उघडी ठेवली की पावसाळी दमटपणाने आकडे चुकतात. वजनकाटा शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर ठेवू नका, दीड फूट चौकोनी प्लायवूडची फळी सोबत ठेवा. टांगता काटा प्रत्येक बाळाआधी, झोळी अडकवून, शून्यावर आणा. दंडाचा घेर डाव्या हाताला, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्यावर मोजा. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित.

सिकलसेल इथे प्रत्येक सत्रात भेटतो. सोल्युबिलिटी चाचणी फक्त चाळणी आहे, वाहक कोण आणि रुग्ण कोण ते ती सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात किंवा हिमोग्लोबिन खूप कमी असेल तेव्हा ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. पॉझिटिव्ह आलं की एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पक्क्या चाचणीसाठी नमुना पाठवा, आणि अहवाल हाती येईपर्यंत ‘तुला सिकल आहे’ असं म्हणू नका. लग्नं मोडतात. रुग्णाला पाणी भरपूर, फॉलिक ॲसिड रोज, थंडीत उबदार कपडे. लग्नाच्या आणि ऊसतोडीच्या हंगामात दुखण्याचे झटके वाढतात, कारण लोक दिवसभर पाणी न पिता राबतात. ताप, छातीत दुखणं, श्वास लागणं किंवा अचानक वाढलेली पांथरी आणि पांढरंफटक पडलेलं मूल यांपैकी काहीही दिसलं की गोळ्या देऊन घरी पाठवू नका.

रुग्ण पुढे पाठवताना १०८ ला गावाचं नाव पुरत नाही. गाडी कुठपर्यंत येऊ शकते ती जागा, जवळची आश्रमशाळा किंवा ग्रामपंचायत, रुग्णाची अवस्था आणि सोबतच्या माणसाचा चालू नंबर सांगा. रस्त्यापर्यंत बांबूची झोळी लागणार, तेव्हा मजबूत चादर आणि दोर पथकाच्या पेटीत असावा. धडगावहून नंदुरबारला अडीच-तीन तास धरूनच निर्णय घ्या. नर्मदेकाठच्या मणिबेलीसारख्या गावांना पावसाळ्यात बोट हाच रस्ता. जॅकेट घातल्याशिवाय कोणालाही बसवू नका, रुग्णालाही नाही.

गरोदर बाईला झटके आले तर पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेट: ५० टक्क्यांच्या २ मिली ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम असतं. पाच ॲम्प्यूल एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात, स्नायूत खोल. कुशीवर झोपवा, वेळ चिठ्ठीवर लिहा. साप चावला तर दोरी आवळणं, कापणं, चोखणं काही नको. चावलेला भाग हलू न देता झोळीतून आणा आणि खोदून विचारा: पापण्या जड झाल्यात का, हिरड्यांतून रक्त येतंय का. विषाची लक्षणं असतील तर प्रतिविष साधारण दहा बाटल्यांपासून सुरू होतं, मुलाला आणि मोठ्याला मात्रा सारखीच. त्यामुळे जवळच्या आरोग्य केंद्रात साठा किती आहे हे महिन्याच्या पहिल्या तारखेला फोन करून विचारा. रुग्ण वाटेत असताना विचारलं तर उशीर झालेला असतो.

राहण्याचं थोडक्यात. कुटुंब सोबत असेल तर शहादा किंवा तळोदा, शाळा आणि बाजार दोन्ही जवळ. एकटे असाल तर धडगाव, मोलगीत राहिलेलं बरं, रोजचा घाट वाचतो. पाणी उकळून प्या, मच्छरदाणी लावा, सकाळी बूट झटकून घाला, कारण विंचू खरोखर असतात. डोंगरात दुपारी काही मिळत नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून नेला तर संध्याकाळपर्यंत निभतं. मोबाइलची रेंज टेकडीच्या एखाद्याच टोकावर लागते, तेव्हा नोंदी आधी कागदावर, ॲपमध्ये रात्री.

नोकरीचे कागद मात्र सावकाश वाचा. कंत्राट बहुधा ११ महिन्यांचं असतं. डिझेल, मुक्काम भत्ता, अपघात विमा आणि पावसात गाडी न निघालेल्या दिवसाचं मानधन याबद्दल काय लिहिलंय ते पाहा. लिहिलेलं नसेल तर मिळणार नाही असंच धरा. मानधन उशिरा होतं, म्हणून तीन महिन्यांचा खर्च गाठीला ठेवून या. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेची किंवा परिचर्या परिषदेची नोंदणी आधी करावी. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी लागतात, म्हणजे कंत्राटावर सही करायच्या आधीच सुरू केलेले बरे. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ते तुमच्या बाजूला कुठे मिळतं, त्या केंद्राचा नंबर गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा.

कंत्राट संपताना पुढच्यासाठी चार पानं लिहून द्या: कुठल्या पाड्यावर कोण दार उघडतं, कुठला रस्ता जुलैत बंद होतो, ऊसतोडीला गेलेल्यांचे मुकादम, आणि अर्धवट राहिलेले डोस. एक प्रत आशाताईकडेही ठेवा. पथक बदलतं, ती तिथेच असते.