सोलापूरच्या उन्हाळ्यात प्रवाळाची टाकी: आधी पाणी हलवा, मग दिवा वाढवा

प्रवाळाच्या टाकीवरचा दिवा एक दिवस बंद राहिला तर फारसं बिघडत नाही. मे महिन्यातल्या रात्री वेव्हमेकर (टाकीतलं पाणी सतत हलतं ठेवणारा छोटा पंप) चार-पाच तास बंद पडला, तर मात्र सकाळी टाकीकडे बघवत नाही. तरीही बहुतेक जण बजेटचा मोठा वाटा दिव्यावर घालतात आणि उरलेल्या पैशात मिळेल तो वेव्हमेकर लावतात. हा क्रम उलटा करा.

कारण साधं आहे. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं, त्यावर प्रवाळ जगतं. उजेड जितका जास्त, तितका पेशीत ऑक्सिजन जास्त साठतो, आणि साठून राहिला की त्यातून पेशीला जाळणारी रूपं तयार होतात. तो ऑक्सिजन बाहेर वाहून न्यायला पाणी हलतं लागतं. प्रवाळाच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ थर अडकून बसलेला असतो. प्रवाह हा थर पातळ ठेवतो. पाणी साचलेलं आणि दिवा जोरात असेल, तर प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी गरम असेल तर हे आणखी लवकर होतं, आणि सोलापुरात उन्हाळ्यात पाणी गरम असतंच.

पुढचा सगळा हिशोब ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीचा आणि मऊ प्रवाळांचा आहे: मशरूम, झोआ, लेदर. कठीण प्रवाळांच्या वाटेला जाऊ नका. खडक बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून काढलेला तुकडा घरी ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो कुणी कितीही स्वस्तात देऊ करो.

पहिली पायरी: प्रवाह

या मापाच्या टाकीत काठोकाठ १९० लिटर पाणी मावतं. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता दीडशे धरा. मऊ प्रवाळांना तासाला टाकीच्या २० ते ३० पट पाणी फिरायला हवं, म्हणजे ३,००० ते ४,५०० लिटर. सम्पमधून (टाकीखाली ठेवलेल्या, पाणी गाळणाऱ्या दुसऱ्या टाकीतून) पाणी वर आणणारा पंप यात धरू नका. एकच मोठा वेव्हमेकर घेऊ नका. ताशी २,५०० ते ३,००० लिटरचे दोन घ्या, वेग कमी-जास्त करता येणारे, डीसीवर चालणारे. एकाच दिशेने सतत येणारी धार प्रवाळाला मानवत नाही. शिवाय एक बंद पडला तरी दुसरा टाकी तारून नेतो.

खडक मागच्या काचेला टेकवू नका, २ ते ३ इंच फट सोडा. दोन्ही वेव्हमेकर समोरासमोरच्या बाजूंना, पाण्याच्या पातळीखाली ३-४ इंचांवर लावा आणि तोंड किंचित वर करा. पृष्ठभागावर सतत लाटा उठल्या पाहिजेत, कारण हवेतला ऑक्सिजन पाण्यात तिथूनच येतो. समुद्राच्या खारेपणाचं पाणी २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशांना जेमतेम ६.२. दोन्ही यंत्रं आळीपाळीने वाढतील-कमी होतील अशा मोडवर ठेवा. रात्री आवाज होतो म्हणून बंद करू नका: अंधारात शैवाल ऑक्सिजन देत नाही, सगळे जीव फक्त वापरतात. फार तर वेग पाव भागाने कमी करा.

आता टाकीत थोडं बारीक खाद्य सोडा आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा. कण कुठे जाऊन थांबतात? तिथे पुढे काळसर गाळ साचेल, मग लालसर चिकट थर येईल. वेव्हमेकर दोन इंच सरकवला तरी बहुतेक कोपरे सुटतात. वाळूत खड्डा पडत असेल तर तोंड आणखी वर करा.

दुसरी पायरी: कोण कुठे

मशरूम खाली, आडोशाला. झोआ मधल्या उंचीवर. त्यांची तोंडं पुढे-मागे डुलली पाहिजेत, एकाच बाजूला झोपता कामा नयेत. लेदर वर, सगळ्यांत खेळत्या पाण्यात. लेदर अधूनमधून काही दिवस मिटतं, अंगावर मेणचट पापुद्रा येतो. घाबरू नका, ते कात टाकत असतं. पण तो पापुद्रा धुऊन न्यायला प्रवाह नसेल, तर त्याखाली शेवाळ धरतं आणि कातडी कुजते. वेव्हमेकरच्या थेट तोंडासमोर ८-१० इंचांत काहीही लावू नका.

झोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे घातक विष असतं. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावूनच हाताळा. झोआ असलेला खडक उकळू नका, त्याची वाफ माणसाला दवाखान्यात पोचवू शकते.

तिसरी पायरी: दिवा

या टाकीला प्रत्यक्ष ८० ते १२० वॅट खेचणारा, निळ्या आणि पांढऱ्याचे वेगळे चॅनल असलेला एलईडी पुरतो. पाण्यापासून ८-१० इंच उंच टांगा. शैवालाच्या उपयोगाच्या उजेडाला पार (PAR) म्हणतात, तो दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल असा मोजतात: मशरूमला ५० ते ८०, झोआला ८० ते १५०, लेदरला १०० ते २००. पार मीटर महाग असतो, चार छंदिष्टांनी मिळून एक घेतला तर परवडतो. फोनवरच्या लक्स ॲपवर विसंबू नका. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात, त्यामुळे निळ्या दिव्याखाली आकडा खूपच कमी दाखवतात. तो बघून लोक दिवा वाढवतात आणि प्रवाळं भाजतात.

पुण्या-मुंबईहून आलेलं प्रवाळ कित्येक तास अंधाऱ्या पिशवीत असतं. त्याला पहिल्या दिवशी तळाशी ठेवा. निळा ४० टक्के, पांढरा १० टक्के, सुरुवातीला रोज ६ तास. मग उजेड आठवड्याला ५ टक्के वाढवत न्या आणि वेळ हळूहळू ८ तासांवर आणा. सहा-आठ आठवडे लागतात. त्याला इलाज नाही. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा-एक तास उजेड हळूहळू चढता-उतरता ठेवा.

उन्हाळ्यात दिव्याची वेळ बदला. दुपारी खोलीच ३८-४० अंशांवर असते, त्यात दिव्याची भर नको. संध्याकाळी ५ ते रात्री १२-१ ठेवा. प्रवाळाला घड्याळ कळत नाही, फक्त रोजची वेळ तीच हवी. पश्चिमेच्या खिडकीजवळ टाकी असेल तर पातळ पडद्याने भागत नाही, तिथे दुहेरी चादरच टांगा. सोलापुरात ती कमी पडायची नाही.

उष्णता आणि पाणी

पाणी २५ ते २७ अंशांत हवं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेण्याआधी पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावून बघा. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. पावसाळी दमट हवेत हाच पंखा निम्मंही काम करत नाही. खोली चाळिशीला गेली की पंख्याने भागणार नाही. तेव्हा चिलर किंवा त्या खोलीला एसी लागतोच. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, रात्री हीटर लागतो, तोही थर्मोस्टॅटचा.

पंख्याने रोज तीन-चार लिटर पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची घाला, खाऱ्या पाण्याची नको. घनता (गोड्या पाण्याच्या तुलनेतली, खारेपणा कळण्यासाठी मोजतात ती) १.०२५ धरून ठेवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. घरचा पिण्याचा आरओ चव येण्यासाठी क्षार परत मिसळतो, म्हणून त्याचंही नको. डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांतून) काढलेलं, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य दाखवणारं पाणी वापरा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ४०-५० लिटर तयार पाणी झाकून ठेवलेलं बरं.

वीज गेली तर

इन्व्हर्टरवर फक्त दोन वेव्हमेकर आणि वर आणणारा पंप टाका, दिवा नको. सगळं मिळून ४०-५० वॅट होतं, घरच्या एका पंख्याहून कमी. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप भरून तयार ठेवा. पंप थांबल्यावर वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी सोडली आहे ना, हे एकदा मुद्दाम प्लग काढून तपासा. काही डीसी वेव्हमेकर वीज आल्यावर जुनी सेटिंग विसरतात, तेही याच वेळी कळेल. वायरींना प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता खाली ठिबकेल. टाकीच्या लाइनवर ईएलसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) हवाच.

बिघडलं तर काय बघावं

झोआंचे देठ लांब होऊन माना वर येत असतील तर उजेड कमी. मशरूम बशीसारखी पसरून तपकिरी झाली तरी तेच. आक्रसून फिकी पडली तर उजेड जास्त. अशा वेळी पूर्ण दिवा कमी करण्याऐवजी तेवढा तुकडा खाली न्या. एकाच बाजूने मिटलेलं असेल तर धार लागते आहे. सगळीच एकदम मिटली असतील तर दिवा-प्रवाह सोडा, आधी तापमान आणि घनता मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आठ-दहा दिवस थांबा.

सगळं ठीक असूनही महिनोन्‌महिने हळूहळू रंग उतरत गेला, तर दोष बहुधा सफाईचा असतो. दिव्याच्या काचेवर मिठाचा थर बसतो. दर आठवड्याला दिवा बंद करून ओल्या कापडाने पुसा. वेव्हमेकरच्या पात्यावर चुनखडी चढते आणि डब्यावर लिहिलेला ३,००० लिटरचा आकडा कागदावरच राहतो. दोन महिन्यांनी वेव्हमेकर काढा, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि साध्या पाण्यात धुऊन परत लावा. साफ केलेला वेव्हमेकर एकदम जोर धरतो, म्हणून पहिले दोन दिवस वेग थोडा कमी ठेवा.