फोम टँकमधून पाणीच येतंय? लगेच शॅम्पू ओतू नका
गाड्यांच्या वॉशिंग सेंटरवर फोम टँकमधून (हवेच्या दाबाने शॅम्पूचा फेस करणारी टाकी) फेस पातळ, दुधाळ आला की आधी शॅम्पू वाढवला जातो. दोष बहुतेकदा हवेचा असतो.

१. टँक पाऊणच भरा. वर हवेला जागा हवी.

२. गन दाबून टँकवरचा हवेच्या दाबाचा काटा पाहा. ४ बारवरून झपकन खाली आला, तर कॉम्प्रेसर कमी पडतोय किंवा रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारा भाग) तुंबलाय.

३. काटा स्थिर, तरी फेस पातळ? मिक्सिंगच्या हवेचा व्हॉल्व्ह पाव फेराच उघडा, थोडं थांबा. गन फुसफुसत थुंकायला लागली की हवा जास्त झाली. किंचित मागे घ्या.

तरीही फरक नसेल तर गनमधली जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार नेमका तिथेच बसतो.

झाकण उघडण्याआधी हवा बंद करून काटा शून्यावर आणाच.