पावसाळ्यात इंदूरहून बाइकवर: फोनवर काय बघायचं, कधी बघायचं आणि कुठून परत फिरायचं

इंदुरातून महू, मानपूर किंवा सिमरोलच्या बाजूला निघालं की तासाभरात माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता निमाडात उतरू लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, तर महेश्वर जेमतेम दीडशे मीटर. पाताळपाणी, जाम दरवाजा, मांडवगड, ओंकारेश्वर ही पावसाळी सहलीची बहुतेक ठिकाणं या पठाराच्या काठावर किंवा त्याखाली आहेत. म्हणून इंदूरच्या विजयनगर भागात ऊन असतानाही घाटात ढग रस्त्यावर टेकलेला असू शकतो, आणि गच्चीवरून आभाळ बघून काही कळत नाही. फोनवरून बरंच कळतं. मात्र त्यातलं जवळजवळ सगळं काम आदल्या रात्री आणि निघण्याआधीच्या अर्ध्या तासात उरकायचं असतं. चालत्या गाडीवर फोनने दोनच गोष्टी सांगाव्यात: वळण कुठे आहे आणि वीज किती जवळ पडते आहे.

आधी पाऊस कोणता ते ओळखा

आपल्याकडे पाऊस दोन प्रकारे येतो आणि दोन्हींसाठी वेगळी साधनं लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेशावरून पश्चिमेकडे सरकतो आणि दोन-तीन दिवस झड लागते. हा पाऊस हवामानाच्या मॉडेलांना दोन दिवस आधीपासून बऱ्यापैकी दिसतो. 'विंडी' ॲपमध्ये युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस ही दोन्ही मॉडेलं एकाच जागेसाठी उघडा आणि २४ तासांतला एकूण पाऊस ताडून बघा. दोन्हींत मोठा आकडा असेल तर बेत पुढे ढकला. एकात ५ मिमी आणि दुसऱ्यात ६० मिमी दिसत असेल, तर सरासरी काढत बसू नका. मॉडेलांचं एकमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रात्री आणि पहाटे नवा अंदाज आला की पुन्हा बघा.

जून आणि सप्टेंबरचा पाऊस वेगळा. सकाळी कडक ऊन, दुपारी तीननंतर गडगडाट, तासभर मुसळधार आणि मग स्वच्छ. नेमका कोणत्या गावावर पडेल हे आदल्या दिवशी कुठलंच मॉडेल सांगू शकत नाही. इथे विंडीवरच्या रंगांवर विसंबू नका. हवामान विभागाच्या 'मौसम' ॲपवरचा तीन तासांचा तात्काळ इशारा आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप, एवढं पुरे. बाकी वेळापत्रक सांभाळायचं: सकाळी सहाला निघा आणि दुपारी तीनच्या आत घाट चढून पठारावर या.

इशारा बघताना हमखास होणारी चूक म्हणजे फक्त इंदूर जिल्हा बघणं. इशारे जिल्हावार असतात. मांडवगड धार जिल्ह्यात, महेश्वर खरगोनमध्ये, ओंकारेश्वर खंडव्यात. म्हणजे दर वेळी किमान दोन जिल्हे तपासायचे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. दुचाकीवाल्याने नारिंगीलाच घाट रद्द करावा. फारच हौस असेल तर देवासपर्यंत सरळ रस्त्याने जाऊन यावं, तेही गडगडाट नसेल तर.

आकड्यांचंही एक आहे. सकाळी बातम्यांत येणारा पाऊस आदल्या दिवशी साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा, म्हणजे पडून गेलेला असतो. आज पडणार आहे असा त्याचा अर्थ नाही, तरी तो कामाचा आहे: काल ज्या बाजूला ६४.५ मिमीच्या वर, म्हणजे हवामान विभागाच्या भाषेत 'जोरदार' पाऊस झाला, तिथले नाले आज भरलेले असणार आणि घाटातली माती सुटलेली असणार.

रडारवर कोरडं दिसतं म्हणून निघू नका

भोपाळच्या डॉप्लर रडारचं चित्र बरेच जण बघतात, पण ते इंदूरकरासाठी अर्धवट असतं. इंदूर भोपाळपासून सरळ रेषेत सुमारे १७० किमी आहे. रडारचा किरण जमिनीला समांतर राहत नाही; थोडा वर धरून सोडलेला असतो आणि पृथ्वीची गोलाई त्यात भर घालते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण इंदुरावरून सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून जातो, आणि २३० किमीवरच्या मांडवगडावरून पाच किलोमीटरच्या आसपास. गडगडाटी ढग त्याहून कितीतरी उंच असल्यामुळे ते दिसतात. पण घाटाला अडून रिमझिम पडणारा बुटका पावसाळी ढग किरणाच्या खालीच राहतो. म्हणून रडारवर ठिपका दिसला तर विश्वास ठेवा, नाही दिसला तर ठेवू नका. बुटक्या ढगाच्या पावसाला सगळ्यात खात्रीचं साधन म्हणजे फोन कॉल. मॅपवर महेश्वरच्या किंवा मांडवगडच्या एखाद्या लॉजचा नंबर मिळतोच. "भैया, उधर बारिश कैसी है, रपटा चालू है क्या?" एवढं विचारायला मिनिटभर लागतं. (रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका, बिनकठड्याचा पूल.)

पाणी वरून येतं

पावसाळ्यातले मोठे अपघात डोक्यावरच्या पावसाने होतातच असं नाही. जुलै २०११मध्ये पाताळपाणीला माणसं वाहून गेली ती अचानक आलेल्या लोंढ्यात. तिथली चोरल नदी जानापावच्या बाजूच्या टेकड्यांतून येते. तिकडे तासभर कोसळलं की धबधब्यावर पाणी वाढतं, मग तिथे पाऊस असो वा नसो. ऑगस्ट २०२२मध्ये धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या नव्या धरणाला गळती लागली, तेव्हा खालची गावं रिकामी करावी लागली.

म्हणून जायचं ठिकाण नदीकाठी असेल तर मॅपवर नदी उलट्या दिशेने शोधत वर जा, आणि पाऊस, वीज, तात्काळ इशारा हे सगळं त्या वरच्या गावासाठी बघा. पाताळपाणीसाठी महू आणि जानापाव. नर्मदेसाठी केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' ॲप आहे. त्यात मंडलेश्वरची पातळी आणि ती चढते आहे की उतरते आहे ते दिसतं. ओंकारेश्वर धरणाचे दरवाजे उघडले की खंडवा रोडवरचा मोरटक्क्याचा पूल वाहतुकीला बंद होऊ शकतो. सकाळी पार केलेला पूल संध्याकाळी बंद मिळाला तर रात्र पलीकडे काढावी लागते. तेवढे पैसे आणि औषधं जवळ असू द्या. आपत्ती प्राधिकरणाचं 'सचेत' ॲपही टाकून ठेवा, तुम्ही असाल तिथले इशारे ते देतं.

मॅपला घाट कळत नाही

गूगल मॅप्समधला दुचाकीचा पर्याय शहरात उत्तम. पावसात खेड्यातून जाताना मात्र तो दहा मिनिटं वाचवायला असल्या वाटेवर घालतो जिथे काळी माती आणि रपटे असतात. ओली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे थापली जाते, पुढचं चाक जाम होतं आणि ब्रेक न दाबताही गाडी आडवी होते. उपाय सोपा आहे: रस्ता शोधताना कारचा पर्याय निवडा आणि मधली दोन-तीन गावं थांबे म्हणून स्वतः घाला. महेश्वरला एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गाने, जायचं तर मानपूर आणि धामनोद. जाम दरवाजावरून जायचं तर महू आणि मंडलेश्वर. पहिला रस्ता रुंद, पण अवजड ट्रकांचा, आणि गणेश घाटाच्या उतारावर ब्रेक तापलेल्या ट्रकांचे अपघात होत आले आहेत. दुसरा सुंदर, अरुंद आणि पावसात धुक्याचा. पुढचं पन्नास मीटर दिसत नसेल तर जाम दरवाजापर्यंत जाऊन परत फिरावं, असं आमचं मत.

रस्ता ठरला की तो सॅटेलाइट दृश्यात बोटाने सरकवत एकदा पूर्ण बघा. निळी रेघ रस्त्याला जिथे कापते आणि पुलाचे कठडे दिसत नाहीत, तिथे बहुधा रपटा आहे. अशी प्रत्येक जागा पिन करा. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर पार करायचं नाही. घोट्याएवढ्या पाण्यातही वाहून गेलेला डांबराचा तुकडा दिसत नाही, आणि गुडघ्याच्या खालचं वेगवान पाणीसुद्धा गाडी बाजूला ढकलतं. समोरून ट्रॅक्टर आला, हा पुरावा ट्रॅक्टरपुरता.

सिमरोल ते बाईग्राम आणि पाताळपाणी-कालाकुंड पट्ट्यात नेटवर्क तुटतं, म्हणून घरच्या वायफायवर ऑफलाइन नकाशा उतरवा: प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी, 'ऑफलाइन मॅप्स', मग चौकट इतकी मोठी करा की इंदूर, मांडवगड, महेश्वर आणि ओंकारेश्वर त्यात मावतील. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक आणि पर्यायी रस्ते मिळत नाहीत, हे लक्षात असू द्या. जोडीला 'ऑर्गॅनिक मॅप्स' ठेवलं तर पूर्ण नकाशा फोनमध्येच राहतो. मॅप्स दोन तास म्हणत असेल तर पावसात पावणेतीन धरा.

परत फिरण्याची रेषा घरीच लिहा

घाटाच्या तोंडाशी उभं राहून निर्णय घेतला तर तो नेहमी पुढे जाण्याचाच होतो, कारण सोबतचे चौघं हेल्मेट घालून तयार असतात. म्हणून ग्रुपवर आदल्या रात्री लिहून टाका: मानपूर (किंवा सिमरोल, किंवा महू) इथे चहाला थांबायचं आणि चार गोष्टी बघायच्या. दामिनीवर पुढच्या वाटेच्या आसपास वीज आहे का? तात्काळ इशारा बदलला का? नदी चढते आहे का? ठरलेल्या वेळेपेक्षा पाऊण तासाहून जास्त उशीर झालाय का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर पोहे खाऊन परत.

वीज मोजायला ॲपच हवं असं नाही. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर थांबा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास निघू नका. आडोसा पक्क्या इमारतीचा हवा. झाड नको, पत्र्याची टपरी नको, आणि गाडीला टेकून उभं राहणंही नको.

फोन गाडीवर लावावा का?

लावू नये, निदान पावसात. पाण्याचे थेंब स्क्रीनला बोटासारखेच वाटतात; नकाशा आपोआप सरकतो, कधी कॉलही लागतो. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१मध्ये दिला होता. होल्डर वापरायचाच तर कंपन शोषणारा घ्या. आणि फोनवर लिहिलेलं आयपी ६७ हे पाणीरोधक मानांकन म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, तेही नव्या फोनचं. पडलेल्या फोनला ती हमी लागू नाही.

त्यापेक्षा फोन झिपच्या पिशवीत घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, स्क्रीन बंद करा आणि हेल्मेटमधल्या ब्लूटूथ इंटरकॉमवर फक्त सूचना ऐका. आवाज इतकाच की मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल. यात बॅटरीही कमी जाते. १०,००० एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात सहा हजारांच्या आसपास देते, म्हणजे एक फोन एकदा पूर्ण भरतो. चार्जिंग थांबल्यावरच करा.

टायर आणि ब्रेकचे आकडे

व्हॉल्व्हवर बसणारे टायर-दाबाचे सेन्सर पावसात खरंच उपयोगी आहेत, कारण ओल्या रबरात खिळा सहज शिरतो. अर्ध्या तासात ३-४ पीएसआय उतरले तर पंक्चर आहे असं समजा. रबरी व्हॉल्व्हवर जड सेन्सर लावू नका, बुडाशी चिरतो. दाब मॅन्युअलमध्ये दिलेलाच ठेवा. हवा कमी केली की पकड वाढते हा समज ओल्या डांबरावर चुकीचा आहे. टायरमधल्या खाचा झिजून टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या, खुणेजवळ आल्या असतील तर टायर आधी बदला, ॲप नंतर.

१२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे, पण ते चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. ओल्या रस्त्याची पकड वाढवत नाही. ताशी ६० किमीला ओल्या डांबरावर विचार करायला १७ मीटर आणि थांबायला सुमारे ३५, मिळून पन्नासच्या वर. ४० ला तेच २७ मीटर. घाटात ४० च्या वर जाऊ नका.

घरच्यांना काय द्यायचं

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी द्या, पण घाटात ठिपका गोठतो आणि घरचे घाबरतात. त्यामुळे वेळा ठरवून ठेवा: घाटाआधी एक निरोप, उतरल्यावर एक. नेट नसलं तरी साधा एसएमएस बरेचदा जातो. ठरल्या वेळेनंतर तासभर निरोप नाही आला तर कुणी कुणाला फोन करायचा, तेही लिहून ठेवा.

आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोनच्या लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि दोन नंबर दिसतील असं करून ठेवा, आणि अँड्रॉइडमध्ये पॉवर बटण पाच वेळा दाबल्यावर काय होतं ते घरी एकदा तपासा. फोनमधली अपघात ओळखणारी सोय कारच्या धडकेसाठी बनलेली आहे. बाइक घसरली तर ती जागी होईलच असं नाही.

परत आल्यावर फोन लगेच चार्जिंगला लावू नका. ओलावा असल्याची सूचना आली तर पोर्ट खाली करून हलकेच झटका, पंख्याखाली काही तास ठेवा. हेअर ड्रायर किंवा काडी वापरू नका. इंटरकॉमचंही झाकण उघडून वाळवा, आणि चेन पुसून तेल द्या.