ओरांगउटानचं पोरकं पिल्लू सांभाळायचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

बोर्निओतल्या न्यारू मेंतेंगसारख्या ओरांगउटान पुनर्वसन केंद्रात जायचं मनात असेल, तर आधीच सांगतो: पिल्लं कडेवर घ्यायला मिळणार नाहीत. ते काम तिथल्या गावांतल्या बायका करतात आणि उत्तम करतात. बाहेरून आलेल्याच्या वाट्याला दवाखाना, प्रयोगशाळा, दूध बनवणं आणि नोंदी. बाहासा इंडोनेशिया कामापुरती तरी शिकून जा.

नवं पिल्लू थेट विलगीकरणात जातं. टीबी, हिपॅटायटिस आणि कृमींची तपासणी झाल्याशिवाय इतरांत मिसळायचं नाही. आपल्याला साधं पडसं असलं तरी त्या दिवशी आत पाऊल टाकू नये. आपलं पडसं त्याच्या फुप्फुसात उतरतं.

भुकेजलेल्या पिल्लाला लगेच घट्ट दूध पाजणं ही नवख्यांची नेहमीची चूक. हगवण लागते, पाणी आणखी कमी होतं. आधी क्षार-साखरेचं पाणी, मग माणसाच्या बाळाची दुधाची पावडर पातळ करून, आणि पचतंय असं दिसलं की हळूहळू पूर्ण प्रमाणात. दिवसभरात वजनाच्या साधारण 15 ते 20 टक्के. म्हणजे 2 किलोच्या पिल्लाला 300 ते 400 मिली, आठ वेळांत विभागून प्रत्येकी 40 ते 50. पाजताना उताणं झोपवू नका, उभं धरा. बाटलीच्या निपलचं भोक मोठं असेल तर दूध श्वासनलिकेत जातं. नाकातून दूध आलं की थांबा आणि डॉक्टरांना सांगा. वजन रोज, त्याच काट्यावर, दूध पाजण्याआधी.

पिल्लू आईच्या केसांना चोवीस तास लटकलेलं असतं. हात रिकामे राहिले की ते किंचाळतं, स्वतःलाच मिठी मारून बसतं. म्हणून गुंडाळलेला टॉवेल सतत जवळ हवा. बोटं ओढून सोडवू नका. एका मुठीत टॉवेल द्या, मगच दुसरी सुटते.

खरं अवघड पुढेच, जंगलशाळेत, म्हणजे पिल्लांना रानात जगायला शिकवतात तिथे. रानात पिल्लू सहा ते आठ वर्षं आईसोबत राहतं, तेव्हा इथेही वर्षं लागतात. फांद्या मधोमध वाकवायच्या, पायाने दाबून धरायच्या, वर पानांच्या डहाळ्या: घरट्याची ही रीत मोठ्या पिल्लांकडे पाहून येते. पण सांभाळणारा माणूस जमिनीवर, त्यामुळे पिल्लंही खालीच रेंगाळतात. यावर उपाय साधा: फळं दोरीने उंच चढवायची, आणि खाली उतरलेल्याला लाड नाहीत. नोंदवहीत ‘जमिनीवर किती मिनिटं’ हा रकाना कधी रिकामा सोडू नका. पिल्लू पुढच्या गटात जाण्याजोगं झालं का, हे ठरवताना तोच आधी उघडला जातो.